आधी वायरी, मग स्क्रीन

अगं, नऊ इंची घेऊ का दहा इंची, हे विचारणं आता जरा थांबव. स्क्रीन कोणतीही घे. बीडला घे, संभाजीनगरला घे, नाहीतर मोबाइलवरून मागव, मला त्याचं काही नाही. मला एवढंच सांग, की ती बसवणार कोण, आणि तो तुझ्या गाडीच्या वायरी तोडणार का वायर न तोडता जोडणारा कपलर लावणार? हे ठाऊक नसेल, तर पाडव्याचा मुहूर्त गाठायची घाई करू नकोस. गाडी नवी आहे, हप्ते चालू आहेत, वॉरंटी अजून शाबूत आहे.

तुला वाटेल, ताई दुकानदारीचं बोलायलीय. तसं नाही गं. वडवणीत बीड-परळी रस्त्यावर बसून इतकी वर्षं बॅटऱ्या आणि वायरीच बघतेय. लग्न होऊन आले तेव्हा तुझ्या दाजींनी मला फक्त गल्ल्यावर बसवलं होतं. मल्टिमीटर कधी हातात आला ते त्यांनाही कळलं नाही. आमच्याकडं नवं काही बसवायला येणारे थोडे, दुसरीकडं बसवून घेतलेलं निस्तरायला येणारेच जास्त. कुणी उपळीचा, कुणी चिंचवणचा, कुणी कवडगावचा. तक्रारी ठरलेल्या. सकाळी सेल्फ मारला की नुसतं टकटक होतं. रेस दिली की स्पीकरमधून शिट्टी वाजते. हॉर्न दाबला की गाणं बंद पडतं. डावा इंडिकेटर दिला की दुप्पट वेगानं उडतो. आणि प्रत्येकाचं वाक्य एकच, "ताई, वस्तू तर चांगली घेतली होती." असतेच गं. वस्तू बहुतेक वेळा चांगलीच असते. माणूस वस्तूला दहा हजार मोजतो आणि जोडणाऱ्याशी शंभर रुपयांवरून घासाघीस करतो, मग तोही शंभर रुपयांचीच जोडणी करून देतो.

आधी आपल्या आप्पांच्या मारुतीचं सांगते, कारण जुन्या गाडीत सगळं उघडं दिसतं. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन बंद झालं. तीस वर्षं झाली ना! आपल्याकडच्या साध्या मॉडेलमध्ये टेप नसायचा, डॅशबोर्डच्या मधोमध फक्त त्याची जागा असायची. १८० मिलिमीटर लांब, ५० मिलिमीटर उंच. हे माप मूळ जर्मनीचं, पुढं जगभर चाललं, म्हणून कुठल्याही कंपनीचा टेप कुठल्याही गाडीत बसायचा. दुकानात ‘सिंगल डिन’ म्हणतात ते हेच, आणि १०० मिलिमीटर उंचीचं ते ‘डबल डिन’. ही सोय लई चांगली होती. पण त्या सोयीपायीच एका गाडीत किती जणांचे हात लागले बघ. आधी कॅसेटचा टेप, मग सीडीचा, मग पेनड्राइव्हचा. मध्ये कुणीतरी सेंट्रल लॉक टाकलं, कुणीतरी सायरन टाकला. प्रत्येकानं नवी वायर ओढली, जुनी काढली मात्र कुणीच नाही.

आप्पांची गाडी नव्वदीच्या शेवटाची, एमएच-२३ ची. आप्पांच्या आधीही तिला मालक होऊन गेले. परवा टेप बाहेर ओढला तर मागून वायरींचा नुसता गुंता निघाला. सगळ्या जोडांवर काळी टेप गुंडाळलेली, आणि बीडचा उन्हाळा तुला ठाऊक आहे, काचा लावून उभ्या गाडीत त्या टेपचा डिंक वितळून खाली आलेला. बोटाला लागला की दोन दिवस निघत नाही. टेप सरकून जोड उघडे पडलेले. एक पांढरी वायर निघाली, तिच्या दोन्ही टोकांना काहीच नव्हतं. एक लाल वायर सायरनकडं जात होती, आणि सायरन गाडीत नव्हताच.

आता रंगांचं ऐक. बाहेरून घेतलेल्या बहुतेक सेटला तीन वायरी महत्त्वाच्या असतात. पिवळी म्हणजे कायमचा सप्लाय, तिच्यावर घड्याळ आणि स्टेशनं लक्षात राहतात. लाल म्हणजे चावी फिरवली की येणारा सप्लाय. काळी म्हणजे अर्थ. हे सेटचे रंग झाले, गाडीचे नव्हे. गाडीचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे. घाईतला माणूस काय करतो? पिवळी आणि लाल एकत्र पिळतो आणि दोन्ही कायमच्या सप्लायला लावून मोकळा होतो. टेप वाजतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. आप्पांच्या गाडीत हेच केलेलं होतं.

त्याचा हिशोब तुला करून दाखवते, कारण पाव्हणे म्हणतील एवढ्याशा टेपनं काय होतंय. सेट झोपायचा तो झोपलाच नाही आणि ०.३ अँपिअर ओढत राहिला, असं धर. चोवीस तासांत ७.२ अँपिअर-तास. पाच दिवसांत ३६. आप्पांच्या गाडीची बॅटरी ३५ एएच, म्हणजे ३५ अँपिअर-तासांची. आता आप्पा गाडी काढतात कधी? आठवडी बाजाराला. म्हणजे बरोबर बाजाराच्या दिवशी बॅटरी बसलेली. त्यांनी बॅटरी बदलली, नवीही बसली, तरी ते बॅटरीवाल्यालाच शिव्या देत होते.

खोट शोधायची कशी ते एकदा बघून ठेव, तुलाही जमेल. बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा. मल्टिमीटर दहा अँपिअरच्या खोबणीला लावून त्याची एक सळई बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी काढलेल्या वायरीला, म्हणजे गाडीचा सगळा प्रवाह मीटरमधून जाईल. दार बंद, नाहीतर आतला दिवाच अर्धा अँपिअर दाखवतो. सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो. बंद गाडीनं ५० मिलिअँपिअरच्या आत ओढावं. आप्पांच्या गाडीत ०.३२ अँपिअर आले. मग एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला आकडा पडला, खोट त्या वाटेवर. इथं सगळे फ्यूज काढून झाले तरी आकडा जागेवरच. तेव्हाच मी तुझ्या दाजींना म्हटलं, हे फ्यूजच्या अलीकडून घेतलंय. स्टिअरिंगखाली हात घालून वायर चाचपत गेले तर इग्निशनच्या जाड वायरीचं कवच ब्लेडनं सोललेलं, त्याभोवती पातळ वायर गुंडाळलेली, वर टेप. मध्ये फ्यूजचा पत्ताच नाही.

बॅटरी बसली हे तर सुदैव म्हण. ती पातळ वायर कुठं पत्र्याला घासून उघडी पडली असती, तर डॅशबोर्डच्या मागं जाळ झाला असता. लोकांना वाटतं फ्यूज टेप वाचवायला असतो. फ्यूज वायर वाचवायला असतो. म्हणून तो जिथून सप्लाय घेतला त्या टोकाजवळ हवा, टेपच्या ढुंगणाशी असून भागत नाही.

टेपचं निघालंच आहे तर डब्यावरचे वॉट वाचून भुलू नकोस. ‘४ × ५० वॉट’ लिहिलेलं असतं. म्हणजे दोनशे वॉट. आता सेट उलटा कर आणि मागचा फ्यूज बघ, दहा अँपिअरचा असेल. बारा व्होल्ट गुणिले दहा अँपिअर, एकशेवीस वॉट. दहाच्या फ्यूजमधून सलग दोनशे वॉट कुठून यायचे? इंजिन चालू असताना चौदा-सव्वाचौदा व्होल्ट धरले तरी साध्या चार ओहमच्या स्पीकरला असा सेट वीसेक वॉटच नीट देतो. बाकीची छपाई. त्यापेक्षा चांगल्या स्पीकरची एक जोडी घे, आवाज तिथं सुधारतो.

आणि ती रेससोबत चढणारी शिट्टी? ती टेपची नसते, अर्थिंगची असते. अँप्लिफायर डिकीत, त्याचा अर्थ डिकीच्या पत्र्याला, टेपचा अर्थ डॅशबोर्डच्या गंजक्या स्क्रूला. दोन अर्थांमध्ये थोडा फरक पडला की अल्टरनेटरचा आवाज गाण्यात शिरतो. रंग खरवडून, चकाकणाऱ्या पत्र्यावर, थिंबल लावून अर्थ घेतला आणि ऑडिओची वायर पॉवरच्या वायरीपासून लांबून नेली की बहुतेक वेळा शिट्टी जाते. जुन्या गाडीतले निम्मे आजार अर्थिंगचे. दिवे मंद, हॉर्न कणहतोय, वायपर रेंगाळतोय, सगळ्याला आधी अर्थ तपास.

दिव्यांवरून आप्पांचं आणि माझं वाजलंय, ते तुला कळलंच असेल. त्यांना १००/९० चे बल्ब हवेत. मूळचे ६०/५५ चे. हायबीमला दोन बल्ब मिळून १२० वॉट, म्हणजे दहा अँपिअर. त्याच जागी दोनशे वॉट टाकले की जवळजवळ सतरा. तो सगळा प्रवाह त्या पंचवीस वर्षांच्या स्विचमधून आणि बारीक वायरीतून जाणार. स्विचचं प्लास्टिक वितळलेलं मी कितीदा हातात घेतलंय. मी म्हटलं, आप्पा, बल्ब आहेत तेच ठेवा, फक्त बॅटरीवरून फ्यूज टाकून रिलेमधून सप्लाय देते, तेवढ्यानंच उजेड वाढेल. कारण जुन्या वायरीत व्होल्टेज गळतं आणि बल्बपर्यंत बारा पोहोचतच नाहीत. तसंच केलं. समोरच्या माणसाच्या डोळ्यांवरही अत्याचार नाही.

पण आप्पांचंही खोटं नाही गं. कारखाने सुरू झाले की या रस्त्यावर रात्री गाडी चालवणं म्हणजे जीव मुठीत. पुढं उसाची ट्रॉली, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. आपल्या तालुक्यातून टोळ्या ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. निघायच्या आधी ट्रॅक्टरवर साउंड बसवायला पोरांची रांग लागते. टपावर स्पीकर, खाली अँप्लिफायर, रंगीत लाइट. मी प्रत्येकाला म्हणते, बाबा, ट्रॉलीची मागची लाल बत्ती आधी करू, मग साउंड. हसतात. ज्या बॅटरीवर हजारोंचा साउंड चालतो, त्याच बॅटरीवर पाच वॉटचा मागचा दिवा लागत नाही, हे मला कधीच समजलं नाही.

असो. आता तुझ्या गाडीचं.

जुन्या गाडीतली वायर म्हणजे शेतातला पाट. पाणी सोडलं की येतं, कुठं फुटलं ते दिसतं, बांध घातला की थांबतं. नव्या गाडीतल्या कित्येक वायरींतून पाणी जातच नाही, निरोप जातो. तू काचेचं बटण दाबलंस तर काही गाड्यांत ते बटण मोटरला सप्लाय देत नाही, एका छोट्या कॉम्प्युटरला सांगतं की काच खाली घे. हे निरोप एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायरींवरून जातात. बॉश कंपनीनं ही पद्धत १९८६ मध्ये जगासमोर मांडली, १९९१ च्या मोठ्या मर्सिडीजमध्ये ती आली, आणि आता आपल्या साध्या गाड्यांतही आहे. दुकानदार तिला ‘कॅनबस’ म्हणतात. गप्प असताना दोन्ही वायरींवर अडीच व्होल्ट, निरोप जाताना एक साडेतीनवर चढते, दुसरी दीडवर उतरते. तिथं कुणी टेस्ट लॅम्प लावून ‘सप्लाय हाय का बगू’ म्हटलं, तर तो बल्ब त्या निरोपाचा गळाच दाबतो. मग डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा, पॉवर स्टिअरिंगचा दिवा, सगळी दिवाळी. जुन्या गाडीत टेस्ट लॅम्प हाच वायरमनचा डोळा होता. नव्या गाडीत त्याच्या हातात मल्टिमीटर नसेल, तर दार लाव आणि निघून ये.

इंडिकेटरचंही तेच. मूळ बल्ब एकवीस वॉटचा, पावणेदोन अँपिअर ओढतो. एलईडी त्याच्या दहाव्या हिश्शाएवढंच ओढते. गाडीला वाटतं बल्ब गेला, म्हणून ती इंडिकेटर भरभर उडवून तुला सांगते. गाडी बरोबर वागत असते, आणि लोक म्हणतात इलेक्ट्रॉनिक बिघडलं.

तुझ्या गाडीत बहुधा स्टेरिओच्या मागं चावीवर चालू होणारी वायर मिळणारच नाही. चावी फिरली हे त्या मूळ सेटला निरोपातून कळतं. म्हणून बाहेरची स्क्रीन लावताना मध्ये डिकोडरचा डबा लागतो. तो निरोप वाचतो आणि स्क्रीनला लाल वायरीचा सप्लाय देतो. तुझ्या मॉडेलचा, तुझ्या सालचा डबा हवा. ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ असं सांगणाऱ्याकडून घेऊ नकोस. चुकीचा डबा असला की गाडी रात्रभर झोपतच नाही, तो तिला जागी ठेवतो, आणि पुन्हा बॅटरीचं रडगाणं. डबा मिळाला नाही की काही जण शॉर्टकट मारतात. फ्यूजबॉक्समधला एक फ्यूज उपसतात, त्याच्या पायाला वायर गुंडाळतात आणि परत दाबून बसवतात. ती खाच त्यानं रुंद होते, फ्यूज सैल बसतो, तापतो. यासाठी फ्यूज टॅप नावाची चीज मिळते, शे-दोनशेत. ती आहे का म्हणून आधी विचार.

आता जे सांगते ते नीट ऐक. सेटची पिवळी वायर म्हणजे कायमचा सप्लाय, हे मघाशी सांगितलं. पण गाडीत पिवळा कपलर किंवा पिवळं वेष्टण दिसलं तर ते एअरबॅगचं असतं. स्टिअरिंगच्या खाली, सीटच्या खाली, काचेशेजारच्या खांबांत. पिवळं दिसलं म्हणून सप्लाय शोधायला कुणी तिथं सुई टोचली, तर एअरबॅग तोंडावर फुटू शकते, नाहीतर तिचा दिवा लागून ती अपघातात उघडतच नाही. डॅशकॅमची वायर खांबातून नेताना पण हेच. पडद्यासारखी एअरबॅग तिथूनच उघडते. वायर तिच्या मागून जावी, तिच्यावरून आडवी नको. स्टिअरिंगच्या आसपास काम असेल तर चावी बंद, बॅटरीचा निगेटिव्ह काढून थोडा वेळ थांबायचं, मगच हात लावायचा.

तुझ्या गाडीच्या बॅटरीच्या निगेटिव्हवर एक छोटासा चौकोनी तुकडा बसवलाय का, ते बघ. काही गाड्यांत असतो. बॅटरीतून किती गेलं, किती आलं, याचा तो हिशोब ठेवतो. मग बाहेरच्या वस्तूचा अर्थ थेट बॅटरीच्या टोकाला लावायचा नाही, बॉडीला लावायचा. टोकाला लावला की ते ओढणं त्या तुकड्याच्या हिशोबातच येत नाही. जुने वायरमन मात्र अर्थ थेट बॅटरीला द्यावा असं शिकलेले. त्यांचं चुकलं नाही, गाडी बदलली.

रिव्हर्सचंही सांगते. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले, म्हणजे तुझ्या बेस मॉडेललाही आहेत. काही गाड्यांत त्यांचा आवाज किंवा पट्ट्या मूळ सेटमधून येतात. तो सेट काढला की सेन्सर मुके. पाव्हण्यांना म्हणावं, नवी स्क्रीन लावून ते राहणार का, हे शोरूममध्ये विचारून घ्या, दुकानात नव्हे. आणि कॅमेरा लावलात, तर डिकीच्या दारातली वायर मूळ वायरींच्या रबरी नळीतूनच गेली पाहिजे. दाराच्या फटीतून काढली की दार आपटून आपटून ती चिरते, आणि पावसाळ्यात कॅमेरा आंधळा.

स्टेशन लागत नाही अशी तक्रार करत बसशील, म्हणून निळ्या वायरीचंही सांगून ठेवते. नव्या गाड्यांच्या टपावरच्या छोट्या अँटेनात बऱ्याचदा एक बारीक अँप्लिफायर असतो, त्याला सप्लाय लागतो. स्क्रीनची निळी वायर त्याला जोडायची असते. ती नुसती टेप मारून सोडून देतात. मग बीड आकाशवाणीच्या जागी खरखर. आप्पांना तर परभणी हवं असतं, ते मीडियम वेव्हवर. बहुतेक अँड्रॉइड स्क्रीनमध्ये एएम नसतंच. म्हणून त्यांच्या गाडीत मी ब्लूटूथवाला, पण एएमचं बटण असलेला सिंगल डिन लावून दिला. आणि स्वस्तातला मोबाइल चार्जर सॉकेटातून काढून ठेवा म्हणून सांगितलं, कारण तो लावला की एएमवर नुसती घरघर येते. मुलांना वाटतं आजोबा मागासलेले. असू दे.

पोरांसाठी समोर व्हिडिओ लावायचा विचार असेल, तर एक गंमत सांगते. चांगल्या सेटला हँडब्रेकची म्हणून एक वायर असते. ब्रेक ओढलेला असेल तरच चित्र दिसावं, यासाठी. बसवणारे ती वायर सरळ अर्थला चिकटवतात, म्हणजे सेटला वाटतं गाडी कायम उभीच आहे. गिऱ्हाईकच मागतं, ते तरी काय करणार. तू मागू नकोस. तेलगावच्या फाट्यावर एसटी आडवी आली तर कुणाला कार्टून बघत ब्रेक लागत नाही.

ही कटकट आपल्या पिढीची आहे असं समजू नकोस. शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी १९३० मध्ये गाडीत बसवायचा रेडिओ काढला, पुढं मोटोरोला झाली ती हीच कंपनी. त्यांनी कर्जासाठी एका बँकवाल्याच्या गाडीत रेडिओ बसवून दाखवला आणि अर्ध्या तासात ती गाडीच पेटली, असं सांगतात. कर्ज मिळालं नाही. आपल्याकडं निदान विमा तरी आहे. म्हणजे, असायला हवा.

विम्याचं कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. गाडीसोबत कंपनीनं न दिलेली, बाहेरून बसवलेली इलेक्ट्रॉनिक वस्तू तुझ्या पॉलिसीत आपोआप धरली जात नाही. मोटर टॅरिफमध्ये आयएमटी-२४ नावाचं कलम आहे. वस्तूची किंमत कळवायची, तिच्या चार टक्के जादा हप्ता भरायचा. वीस हजारांची स्क्रीन असेल तर आठशे रुपये. बिल मात्र पक्कं हवं. आणि वॉरंटीचं असं, की शोरूमवाले तुटलेली वायर बघितली की पहिल्यांदा तिच्याकडंच बोट दाखवतात, बिघाड भले दुसराच असो. कपलरला कपलर लावलेला असला, तर सर्व्हिसिंगच्या आधी तू स्क्रीन काढून मूळचा सेट परत लावू शकतेस. म्हणून मूळ सेट विकू नकोस. दुकानदार म्हणेल, द्या ताई, दोन हजार कमी करतो. नाही म्हण. जुन्या साड्यांच्या ट्रंकेत ठेव.

दुसरं, स्टिअरिंगखालच्या त्या सोळा खाचांच्या सॉकेटात लोक गाडीची माहिती मोबाइलवर दाखवणारं यंत्र खुपसून ठेवतात. वापरून झालं की काढ. त्याच्या सोळाव्या पिनला चावी बंद असली तरी बॅटरीचा सप्लाय असतो.

दुकानात गेलीस की पहिल्यांदा ते काय म्हणतील सांगू? "मॅडम, तुम्ही बसा, चहा घ्या, होतंय." पाव्हणे असतील तर त्यांच्याशीच बोलतील, गाडी तुझ्या नावावर असली तरी. तू चहा घे, पण गाडीपाशी उभी राहून घे. डॅशबोर्ड उघडायच्या आधी मोबाइलवर फोटो काढ. पट्टी कशानं उचलतो ते बघ. प्लास्टिकची चपटी काडी असेल तर माणूस कामाचा, स्क्रू-ड्रायव्हर खुपसत असेल तर तुझ्या डॅशबोर्डवर आयुष्यभराचा ओरखडा. वायर दातानं सोलणारा नको. क्रिम्पिंगचा पाना, आकसणारी स्लीव्ह, कापडी टेप, एवढं त्याच्या ड्रॉवरमध्ये दिसलं पाहिजे. काळी पीव्हीसी टेप एकटी असेल तर आप्पांच्या गाडीतला चिकटा आठव. सणाच्या दिवशी जाऊच नकोस, त्या दिवशी त्याच्यामागं गाड्यांची रांग असते आणि हात थरथरत असतात. साधा मंगळवार-बुधवार बघ. सकाळीच जा, नव्या गाडीला अर्धा दिवस लागतो, तासाभरात करून देतो म्हणणाऱ्याला मी तरी दिली नसती.

पैसे द्यायच्या आधी सगळं लावून बघ. काचा, वायपर, हॉर्न, दोन्ही इंडिकेटर, रिव्हर्सचा आवाज, स्टिअरिंगवरची बटणं, रेडिओ, डॅशबोर्डवर कुठला नवा दिवा तर लागला नाही ना. मग बॉनेट उघडून ठेवायला सांग, चावी काढ, गाडी लॉक कर आणि अर्धा तास थांब. नव्या गाडीतले सगळे कॉम्प्युटर झोपायला तेवढा वेळ लागतो. त्यानंतर त्याला मीटर लावून बंद गाडीचा आकडा दाखव म्हण. तो तोंड वाकडं करील. म्हणेल, ताई, असं कुणी मागत नाही. करू दे वाकडं, आकडा दिसल्याशिवाय पर्स उघडू नकोस.